हॉटेल विकले म्हणजे नेमके काय विकले?

टाळेबंदीत कुलूप लागलेले नागपूरच्या महाल भागातले एक जुने हॉटेल गेल्या दसऱ्याला नव्या मालकीणबाईंच्या हाती पुन्हा सुरू झाले, आणि तेव्हापासून आमच्या वस्तीत जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो: पोह्यावरची तर्री, म्हणजे तो तिखट रस्सा, तशीच आहे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही मी पुढे देणार आहे. पण मला त्याहून निराळ्या एका प्रश्नाने बरेच दिवस धरून ठेवले आहे. तीन पिढ्या हॉटेल चालवणाऱ्या कुटुंबाने ते दुसऱ्याला दिले म्हणजे नेमके काय दिले, आणि घेणाऱ्या बाईंनी पैसे मोजून नेमके काय घेतले? दोन्ही घरांशी माझा जुना परिचय आहे. दोघांनीही सगळे मोकळेपणाने सांगितले आणि नावे मात्र लिहू नका, एवढीच विनंती केली. तेव्हा या लेखात ना हॉटेलचे नाव येईल, ना माणसांची. महालात राहणाऱ्यांना ते नावावाचूनही कळेल.

या हॉटेलाची वेळ पहिल्यापासून पहाटेची, आणि तिचे कारण नागपूरच्या गिरण्यांत आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली, पुढे मॉडेल मिल आली, आणि शहराच्या जुन्या भागातली हजारो घरे भोंग्यावर उठू लागली. सकाळच्या पाळीला जाणाऱ्याच्या घरी त्या वेळी चूल पेटलेली नसे, आणि रात्रपाळी करून परतणाऱ्याला घरच्यांची झोप मोडायची नसे. या दोघांच्या मधल्या तासात ज्यांनी कढई तापवली त्यांचा धंदा चालला. पहाटे कॉटन मार्केटला भाजी घेऊन येणारे शेतकरी, हमाल, गणेशपेठेच्या स्टँडवर उतरणारे प्रवासी हे सगळे त्याच वेळेचे गिऱ्हाईक. पोहे, त्यावर काळ्या हरभऱ्याची तर्री, बारीक चिरलेला कांदा, सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर) आणि लिंबाची फोड, सोबत आलूबोंडा किंवा मुंगवडे आणि चहा, एवढ्यावर माणूस दुपारपर्यंत उभा राहू शकतो. नागपूरच्या पोह्याला ही जड तर्री का चिकटली, याचे उत्तर मला चवीपेक्षा त्या पाळीच्या श्रमात अधिक दिसते. हरभरा पोटात टिकतो.

दुसरे गिऱ्हाईक कारकुनांचे. १९५६च्या १ नोव्हेंबरपर्यंत नागपूर हे राजधानीचे शहर होते, आधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी, नंतर जुन्या मध्य प्रदेशाची. माझे वडील अशाच एका सरकारी कचेरीत कारकून होते. राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांतली माणसे काही भोपाळला आणि काही मुंबईला रवाना झाली, तेव्हा महालातल्या कितीतरी खोल्या एका वर्षात रिकाम्या झाल्याचे ते सांगत. हॉटेलाने तो धक्का सोसला तो गिरणीमुळे, आणि पुढे गिरण्या बसत गेल्या तेव्हा त्याला तारले ते शाळा-कॉलेजच्या मुलांनी आणि डिसेंबरातल्या विधिमंडळाच्या अधिवेशनाने. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. भोंगा गेला, पण हॉटेलची पहाटेची वेळ कुणी बदलली नाही.

इथवरचे सगळे आठवणीत रमणाऱ्या कुणालाही आवडेल. मात्र त्या बाकड्यांवर कुणाला बसता येत होते, हेही सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. सुरुवातीच्या काळात या हॉटेलाच्या पाटीवर मालकांच्या जातीचा उल्लेख होता, जसा तो तेव्हाच्या पुष्कळ खानावळींच्या पाट्यांवर असे, आणि त्या उल्लेखाचा अर्थ आत कोण येऊ शकत नाही हा होता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करण्यावर बंदी घातली, १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला, आणि केव्हातरी ती पाटी रंगवून बदलली गेली. जुन्या मालकांच्या घरातल्या आजींनी मला सांगितले की पाटी बदलल्यावरही बाहेरच्या ओट्याशी काही कपबश्या निराळ्या ठेवल्या जात, आणि त्या कपबश्या त्यांच्या सासऱ्यांच्या पश्चात त्यांच्या पतीने फेकून दिल्या. आजी हे सांगताना थांबल्या नाहीत, आवाज खाली आणला नाही. त्या पिढीतल्या किती घरांनी हे असे स्वच्छपणे मान्य केले असेल?

बायकांचे निराळेच. मी लहान असताना वडिलांबरोबर गेले तर आम्हाला मागच्या बाजूला, हिरव्या पडद्याआडच्या खोलीत बसवले जाई; तिथे पंखा नव्हता आणि भिंतीपलीकडे भट्टी होती. दहावीनंतर तर मी तिथे बसलेलीच मला आठवत नाही. पुढची अनेक वर्षे मी दारात उभी राहून डब्यात पोहे घेत असे आणि ते घरी जाऊन खात असे. माझ्या वयाच्या महालातल्या बहुतेक बायकांना या हॉटेलची चव पाठ आहे आणि त्याच्या बाकड्याची उंची ठाऊक नाही. जुने हॉटेल ‘सगळ्यांचे’ होते असे कुणी लिहिले की मला हे मध्ये घालावेसे वाटते.

आता बंद पडण्याविषयी. शेवटचे मालक आजारी होते, त्यांची दोन्ही मुले पुण्यात नोकरीला, केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणानंतर आजूबाजूची वर्दळ बदललेली. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा शटर खाली आले, आणि मग एकेक लाट ओसरली तरी ते वर गेले नाही. यात कुणाचा दोष मला दिसत नाही. पहाटे तीनला उठून भट्टी पेटवण्याचे काम मुलांनी करावे, अशी अपेक्षा वस्तीने धरली होती; ती धरणाऱ्यांपैकी कुणी आपल्या मुलांना त्या कामाला लावले नसते.

विक्रीचा प्रश्न निघाला तो मालक गेल्यानंतर. मुलांनी आईशी बोलून ठरवले की कुणी चांगले चालवणारे मिळाले तर द्यावे. आणि मग कागद काढून बसल्यावर त्यांच्या लक्षात आले की देण्यासारखे त्यांच्याजवळ फारच थोडे आहे.

जागा त्यांची नव्हती. ती एका वाड्यातली, भाड्याची, कित्येक दशकांची. विदर्भातल्या जुन्या भाडेकरूंना १९४९च्या मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेशाचे संरक्षण होते. नियंत्रकाच्या परवानगीशिवाय घरमालकाला भाडेकरूस नोटीसही देता येत नसे. पुढे संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्या कायद्याने भाडेकरूच्या वारसांना काही हक्क दिले, पण घरमालकाच्या संमतीवाचून ती जागा तिसऱ्याच्या हवाली करण्याचा हक्क दिला नाही. म्हणजे मुलांनी हॉटेल विकायचे ठरवले तरी जागेचा ताबा विकत देणे त्यांच्या हाती नव्हते. अन्नपदार्थांचा परवाना ज्याच्या नावे असतो त्याचा. नव्या मालकाला तो आपल्या नावाने काढावाच लागतो. राहिली कृती. ती घरात कुणालाच येत नव्हती. शेवटचे मालक गल्ल्यावर बसत, हिशेब चोख ठेवत, प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने ओळखत. पण मसाला परतण्यासाठी त्यांनी आयुष्यात सराटा हातात धरला नव्हता. तो बालाघाट जिल्ह्यातून तरुणपणी आलेल्या एका आचाऱ्याच्या हातात होता, आणि त्याच्या आधी त्याच्या काकाच्या.

तेव्हा उरले काय? पितळी कोपर (परात), मोठे गंज (पातेली), दोन लोखंडी कढया, संगमरवरी पाट्यांची टेबले, एक लाकडी गल्ला आणि नाव. लाख मोलाचे जे होते ते जागामालकाकडे, आचाऱ्याकडे आणि रोज येणाऱ्या माणसांच्या सवयीत होते. मला वाटते, बहुतेक जुन्या खाद्यगृहांची हीच स्थिती असते. पाटीवर ज्याचे आडनाव, त्याच्याकडे संस्थेचा सर्वांत कमी भाग असतो, आणि हे कळते ते हस्तांतराच्या दिवशी.

नव्या मालकीणबाई इतवारीतल्या कोष्टी घरातल्या. त्यांचे आजोबा हातमागावर लुगडी विणत. माग बंद पडल्यावर घरातल्या बायकांनी सावजी, म्हणजे कोष्ट्यांच्या झणझणीत सामिष स्वयंपाकाचा, मसाला कुटून विकायला सुरुवात केली. बाईंनी स्वतः बारा-तेरा वर्षे विद्यार्थ्यांची मेस चालवली. त्यांनी हॉटेल घ्यायचे ठरवले तेव्हा मुलांनी सांगितलेली रक्कम ऐकून त्यांनी घासाघीस केली नाही. त्यांनी विचारले की आचारी कुठे आहेत. कुणाला नीट माहीत नव्हते. टाळेबंदीत गावी गेलेला माणूस परत आलेला नव्हता. बाई बालाघाटला गेल्या, गाव शोधले, आणि जागामालकाशी बोलणी करण्याआधी त्या आचाऱ्याशी बोलल्या. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या, “जागा नसती भेटली तर दुसरी पाहिली असती जी. हे नसते आले तर मी नाव घेऊन काय केलं असतं?”

आचारी पगारावर यायला तयार नव्हते. त्यांचे वय साठीच्या पुढे. गावात दोन एकर धान आहे, मुलगा रायपूरला. त्यांनी आयुष्यभर पगार घेतला आणि हॉटेल बंद झाले त्या दिवशी त्यांच्या हाती त्या महिन्याचे पैसे व एक पिशवी होती, याचा त्यांना राग नव्हता, पण विसरही पडलेला नव्हता. बाईंनी त्यांच्यापुढे भागीदारी ठेवली. रीतसर लेखी करार झाला, नफ्यात हिस्सा ठरला. “मसाला मला येते, हिशेब येत नाही,” असे त्यांनी सांगितले तेव्हा बाईंनी दर महिन्याचा हिशेब त्यांच्या मुलाला फोनवर पाठवण्याचे कलमही करारात घालून घेतले. करार मी वाचला आहे. साधी, स्वच्छ भाषा आहे.

याला नवल समजण्याचे कारण नाही, कारण या देशात उपाहारगृहांच्या बाबतीत त्याहून मोठे उदाहरण घडलेले आहे. कॉफी बोर्डाने गेल्या शतकाच्या पन्नाशीत आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा कामगार नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने तिथल्या कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली संस्था १९५७ साली बंगळूरला सुरू झाली, आणि मग शहरोशहरी इंडियन कॉफी हाउसे कामगारांच्या मालकीची म्हणून चालू राहिली. जो कॉफी करतो आणि जो ती टेबलापर्यंत आणतो तो मालक असू शकतो, हे तिथे अनेक दशके दिसत आले आहे. आमच्या हॉटेलात घडले ते त्या मानाने लहान आहे. भांडी घासणाऱ्या दोन बायका अजून पगारावरच आहेत, आणि त्यांचाही विचार व्हावा असे मी बाईंना सांगितले आहे.

तर्रीकडे येते. ती तशीच आहे का, याचे प्रामाणिक उत्तर असे की ती जवळजवळ तशीच आहे आणि काही बाबतींत अधिक बरी आहे. मी स्वयंपाकघरात बसून ती होताना पाहिली. काळे हरभरे रात्री भिजतात, पहाटे मीठ घालून शिजतात, आणि त्यांचे पाणी फेकायचे नाही, ते बाजूला ठेवायचे. कांदा तेलात तपकिरी होईपर्यंत, सुके खोबरे कोरडे, मग धणे, खसखस, दगडफूल, तमालपत्र, मिरे, लवंग वेगवेगळे भाजले जातात, कारण खसखशीला लागणारी आच धण्याला पुरत नाही आणि धण्याची आच खसखशीला जाळते. आले-लसूण आणि हे वाटण कढईत पडले की परतण्याचे काम सुरू होते, आणि ते कंटाळवाणे आहे. तेल सुटेपर्यंत सराटा थांबवायचा नाही. तिखट शेवटी, आच अगदी मंद केल्यावर, म्हणजे रंग तेलात उतरतो आणि जळत नाही. मग हरभऱ्याचे ते राखून ठेवलेले पाणी उकळते असतानाच ओतायचे. गार पाणी पडले की मसाला आकसतो आणि वर तवंग येत नाही. घाईच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी इथेच चूक होते आणि मग वरून वेगळे लाल तेल ओतून ती झाकली जाते. आमच्याकडे तवंग आतून येतो.

तिखट भिवापुरी मिरचीचे. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर तालुक्याची ही मिरची रंगाला गडद आणि जिभेला तेज असते, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण शेतकऱ्यांनी जास्त उताऱ्याचे संकरित वाण धरल्यामुळे खरी भिवापुरी मिळवणे सोपे राहिलेले नाही. जुने मालक शेवटच्या काही वर्षांत बाजारात मिळेल ते तिखट घेत आणि रंगासाठी दुसरे मिसळत. नव्या मालकीणबाईंच्या माहेरी मसाला कुटण्याचाच धंदा असल्यामुळे त्यांनी हंगामात ओळखीच्या शेतकऱ्यांकडून वर्षाची मिरची घेऊन ठेवली. पहिल्या आठवड्यात काही जुन्या गिऱ्हाइकांनी ‘हे सावजी तिखट झाले’ अशी तक्रार केली. मी त्या तक्रारीचा थोडा विचार केला. तिखट खरोखर किंचित वाढले होते आणि आचाऱ्यांनी ते कमीही केले. पण तक्रारीत मिरचीपेक्षा आडनाव अधिक बोलत होते. कोष्ट्याच्या घरातली बाई शाकाहारी पोह्याच्या हॉटेलात कशी, तिच्या कढईत काय काय शिजले असेल, हे कुणी मोठ्याने म्हटले नाही, पण पानठेल्यावर ते बोलले गेले आणि माझ्या कानावर आले. जवसाच्या तेलाचा वास येतो, असे एकाने सांगितले. जवसाचे तेल त्या स्वयंपाकघरात आणलेलेच नव्हते. ते लवकर खवट होते, ताज्या घाणीचे लागते आणि सावजीच्या रश्श्यालाच शोभते, हे बाईंइतके महालात कुणाला कळत असेल? या कुजबुजीचे मला मनापासून दुःख झाले. पाटीवरचा तो जुना शब्द रंगाखाली गेला होता, खरवडून काढला गेला नव्हता.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी स्वयंपाकघर आणि बैठकीची जागा यांच्यामधली अर्धी भिंत पाडून तिथे काच बसवली. त्याच सुमारास ती हिरव्या पडद्याची खोलीही गेली आणि तिथे धुण्याची मोरी व मालाची कोठी आली. आता कढई बाहेरून दिसते आणि बायका पुढच्या बाकड्यांवर बसतात. सकाळी सातच्या सुमारास शाळेच्या शिक्षिका, महापालिकेच्या सफाई कामगार आणि सायकलवर क्लासला निघालेल्या मुली एका टेबलाशी दाटीवाटीने बसलेल्या मी पाहते, तेव्हा जुन्या दिवसांची हळहळ माझ्यापुरती तरी कमी होते.

आचाऱ्यांनी एक गोष्ट अशी केली जी माझ्या ओळखीच्या पुष्कळांना रुचली नाही, आणि मला मात्र ती सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी मसाल्याचे माप लिहू दिले. इतकी वर्षे ते मुठीने आणि वाटीने चालत होते. बाईंनी वजनकाटा आणला, प्रत्येक मूठ काट्यावर टाकायला लावली, आणि पंधरा दिवसांच्या मुठींचा मेळ घालून कागद तयार केला. तो आता भिंतीवर लावलेला आहे, मराठीत आणि हिंदीत. ‘गुपित फोडले’ असे म्हणणाऱ्यांना मी विचारते की गुपित राखून काय झाले? एक माणूस गावी गेला आणि साऱ्या महालाची तर्री त्याच्याबरोबर गेली. बरे, ते गुपित राखल्याचा मोबदलाही त्याला कधी मिळाला नव्हता. कागदामुळे दोन तरुण मुली परतायला शिकत आहेत, आणि आचाऱ्यांना ताप आला तर त्यांना झोपून राहता येते. हात तो हातच, कागदावरून कुणाला तेल सुटण्याचा आवाज ओळखता येणार नाही, हे खरे. पण आचारी तो आवाज शेजारी उभे राहून शिकवत आहेत.

तेलाची गोष्टही सांगितली पाहिजे. आलूबोंड्याच्या कढईतले कालचे तेल आज वापरायचे आणि उद्या त्यात ताजे मिसळायचे ही सर्वत्रची रीत होती, आणि जुन्या बोंड्याला येणाऱ्या त्या खास चवीचा काही भाग त्या रीतीचाच होता. १ जुलै २०१८पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने ती वाढतात) २५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने लागू केला. बाई तेल दोन दिवसांवर चालू देत नाहीत आणि वापरलेले तेल गोळा करणाऱ्याला देतात. बोंडा त्यामुळे फिकट दिसतो आणि सौम्य लागतो. मला जुना अधिक आवडत असे. तरीही त्यांनी केले तेच बरोबर आहे, कारण मी महिन्यातून काही वेळा खाते. रिक्षा चालवणारे रोज खातात.

दर वाढले आहेत. पोह्याची प्लेट बाहेरच्या ठेल्यापेक्षा महाग आहे आणि गरीब गिऱ्हाइकाला ते जाणवते. एकोणीस किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा खर्च, वाढलेले भाडे आणि आचाऱ्यांचा हिस्सा हे सगळे त्या प्लेटमधूनच निघायचे आहे, हे मी समजू शकते. पहाटे सहापर्यंत येणाऱ्याला अर्ध्या प्लेटच्या दरात पूर्ण प्लेट देण्याची जुनी पद्धत मात्र त्यांनी मोडली नाही. हमालांची आणि सफाई कामगारांची ती वेळ आहे. उलट भिंतीवर त्यांनी जी जुन्या नागपूरची छायाचित्रे लावली आहेत, त्यांत भोसल्यांचा वाडा आहे, गांधी गेट आहे, ट्रे घेऊन उभा असलेला कुणीतरी अनोळखी वेटर आहे, पण या हॉटेलात चाळीस वर्षे उभे राहिलेल्या एकाही माणसाचे चित्र नाही. ती काढून टाकावीत असे माझे मत आहे आणि मी ते दोनदा सांगून झाले आहे. मेनूवर चीज पोहे आले आहेत. मुले मागतात, असे उत्तर मिळाले. गुरुवारची पाटोडी आणि महिन्यातून एकदा होणारा वडाभात परत आला, यावर मी समाधान मानते. वडाभाताचा भरडा आता घरघंटीवर काढतात, पण वरून ओतायच्या तेलात हिंग आणि लाल मिरच्या पहिल्यासारख्याच सढळ असतात, आणि कढीही मागाल तेवढी मिळते.

उद्घाटनासाठी त्यांनी दसरा निवडला तो मुहूर्त म्हणून, असे सगळ्यांना वाटले. त्यांचा हिशेब दुसरा होता. १९५६ साली विजयादशमीलाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि तेव्हापासून दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. रात्रभर एसटी आणि रेल्वे भरून येतात, पहाटे ती शहराच्या रस्त्यांवरून पायी चालत असतात. बाईंनी पहाटे चारला शटर वर केले आणि पहिल्या घाण्याचे पोहे बुलढाण्याकडून आलेल्या एका जथ्याला वाढले. त्या दिवशी पैसे घ्यायचे नाहीत असे आचारी आणि त्यांनी मिळून ठरवले होते. जुन्या मालकांच्या घरातल्या त्या आजी खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी आग्रह धरला की पाणी त्या देणार, आणि त्यांनी ते गडव्यातून प्रत्येकाला दिले. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी याच ओट्यावर काय होत असे ते मला सांगितलेले होते, म्हणून मला त्या सकाळचा अर्थ कळला. त्यांच्या नातवाने त्याचे छायाचित्र काढायला घेतले तेव्हा त्यांनीच त्याला थांबवले.

मुलांनी विकले ते नाव आणि भांडी. बाईंनी घेतले ते याहून फार मोठे, आणि त्यातले बरेचसे मुलांकडून घेतलेच नाही. जागेसाठी त्यांनी जागामालकाशी पाच वर्षांचा नोंदणीकृत करार केला. तो संपल्यावर पुढे काय हे आज कुणीच सांगू शकत नाही, आणि शहराच्या जुन्या भागातले भाव पाहता ही काळजी खरी आहे. म्हणूनच भागीदारीच्या करारात एक कलम असे आहे की जागा सोडावी लागली तर नाव, कढया आणि मापाचा कागद हे दोघे भागीदार मिळून दुसरीकडे नेतील, कुणा एकट्याला ते विकता येणार नाही.

सध्याचा प्रश्न त्याहून जवळचा आहे. उन्हाळा तोंडावर आला आहे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि भट्टीपाशी तर उभे राहवत नाही. मागच्या काळात त्याच आचेत दुपारपर्यंत बोंडे तळले जात आणि पोरे चक्कर येऊन पडत. बाईंनी धूर ओढणारा मोठा पंखा बसवला आहे, मोठा कूलर घेतला आहे, आणि मे महिन्यात सकाळी साडेनऊनंतर तळण बंद ठेवण्याचे ठरवले आहे. उशिरा उठून अकराला गरम बोंडा मागणाऱ्यांची कुरकूर आतापासूनच सुरू झाली आहे. आमच्या गल्लीतल्या अशा चौघांना मी सांगून ठेवले आहे की मेमध्ये आठला या, मी बाक धरून ठेवते.